उदरांतील तुंबलेला ओढा
(नभोवाणीवरील भाषण)

आजचा माझा विषय सभ्य मंडळींत उघडपणें बोलण्याचा नव्हे, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. डोकें दुखलें तर मनुष्य चारचौघांत सांगतो. गुडघा दुखला तर पाहुण्यांसमोर तो चोळीत बसतो. परंतु जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखें फुगतें, वारा आवरत नाहीं, दिवसांतून चार-पांच वेळां शौचास धांवावें लागतें, हें तो सख्ख्या भावासहि सांगत नाहीं. या संकोचापायीं वर्षानुवर्षें मनांतल्या मनांत कुढणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत, आणि गेलीं सात वर्षें मी स्वतःहि त्याच विकाराच्या सहवासांत आहें. म्हणून संकोच बाजूस ठेवून चार शब्द सांगण्याचें मीं ठरविलें.

मी वैद्य नाहीं. झरी जामणी हें यवतमाळ जिल्ह्यांत, तेलंगणाच्या सीमेलगत असलेलें तालुक्याचें लहानसें गांव. त्या परिसरांतील शाळांत मुलांकडून अक्षरें गिरवून घेण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु शिक्षकाला एक खोड असते. जें कळलें नाहीं तें कळेपर्यंत त्यास चैन पडत नाहीं, आणि कळल्यावर दुसऱ्यास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वैद्यांनीं मला जें समजावून दिलें आणि त्यानंतर मीं जें वाचलें, तेंच आपणांपुढें मांडतों.

या विकारास इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘सिबो’ म्हणतात. मराठींत त्यास ‘लहान आतड्यांतील जंतुवृद्धि’ असें म्हणतां येईल. आतड्यांत जंतु असणें हा कांहीं रोग नव्हे. आपल्या मोठ्या आतड्यांत त्यांची केवढी वस्ती असते, तर एका मिलिलिटर द्रवामागें शंभर अब्जांच्या घरांत! ते तेथें राहतात, न पचलेला चोथा खातात आणि त्या मोबदल्यांत आपलीं कांहीं कामेंहि करतात. परंतु त्याच्या वरच्या बाजूस असलेलें लहान आतडें हें अन्नरस शोषून घेण्याचें स्थान. त्याच्या वरच्या भागांत निरोगी माणसांत एका मिलिलिटरमागें जंतूंची संख्या सामान्यतः हजाराच्याहि आंत असते. खालच्या वस्तीनें वर सरकून तेथें ठाण मांडलें, किंवा वरून आलेले जंतु तेथेंच वाढूं लागले, म्हणजे हा विकार होतो. जीव तेच, पण जागा चुकलेली.

मग एरवीं ते तेथें कां वाढत नाहींत? आमच्या भागांतील ओढे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस हें चटकन् उमजेल. पावसाळ्यांत ओढा वाहता असतो तेव्हां तळाचा खडा दिसतो. फाल्गुनांत धार तुटली कीं जागोजाग डबकीं राहतात, आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांवर हिरवी साय धरते. तें शेवाळ कोणी आणून टाकलेलें नसतें. पाणी थांबलें एवढेंच त्यास पुरतें.

लहान आतड्याचेंहि तसेंच आहे. जठरांतील आम्ल वरून येणाऱ्या बहुतेक जंतूंचा नाश करतें. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यांस फोफावूं देत नाहींत. लहान व मोठें आतडें जेथें मिळतें तेथें एक झडप असते. ती खालचा माल वर येऊं देत नाहीं. परंतु सर्वांत मोठा पहारेकरी म्हणजे प्रवाह. पोट रिकामें असतां दर दीड ते दोन तासांनीं आतड्यांतून आकुंचनाची एक लाट वरून खालीं जाते, आणि उरलेसुरलें अन्न व जंतु झाडून पुढें ढकलते. सकाळीं अंगण झाडावें तशी ही झाडलोट. आपण कांहीं खाल्लें कीं ती लाट थांबते. पोट पुन्हां रिकामें झाल्यावरच ती सुरू होते. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा उपयोग आहे.

हा पहारा ढिला पडला म्हणजे काय होतें? आपण खाल्लेल्या अन्नावर आपल्या आधीं जंतु ताव मारतात. अन्न आंबतें, वायु तयार होतो, पोटाला तडस लागते. पित्तांतील क्षारांची ते मोडतोड करतात. त्यामुळें स्निग्ध पदार्थ पचत नाहींत, आणि मल तेलकट, चिकट होऊन भांड्यास चिकटून राहतो. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशाबरोबर शोषलीं जाणारीं, म्हणून तींहि निसटतात. ब-१२ हें जीवनसत्त्व तर जंतु स्वतःच खाऊन टाकतात. मग मनुष्य भरपूर जेवूनहि वाळत जातो, धाप लागते, हातापायांस मुंग्या येतात, आणि घरचीं माणसें म्हणतात, “खाल्लेलें अंगीं लागत नाहीं.” तें वाक्य अक्षरशः खरें असतें.

रक्त पाहून आतड्याची हकीकत कशी कळते, याचा एक इतिहास आपल्या मुंबईशीं निगडित आहे. इ. स. १९२८ मध्यें डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गरीब गरोदर स्त्रियांस एक प्रकारचा तीव्र पांडुरोग होई. त्याचें कारण त्यांनीं हाफकिन संस्थेंत शोधण्यास आरंभ केला. यीस्टचा अर्क दिल्यानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी अंश म्हणजेच पुढें ‘फॉलिक आम्ल’ या नांवानें ओळखलें गेलेलें जीवनसत्त्व. आज वैद्य आमच्यासारख्या रोग्यांच्या रक्तांत ब-१२ आणि फॉलिक आम्ल हीं दोन्ही पाहतात. जंतुवृद्धींत पुष्कळदां ब-१२ घटलेलें असतें, तर फॉलिक आम्ल पुरेसें, क्वचित् जास्तहि असतें. कारण तें जंतु स्वतःच तयार करतात. चोर घरांतला तांदूळ नेतो आणि जातांना ज्वारीचें पोतें ठेवून जातो, तसा हा प्रकार.

या विकाराचा एक सख्खा शेजारी म्हणजे उष्ण प्रदेशांतील ‘स्प्रू’ नांवाची संग्रहणी. तिच्यांत हीं दोन्ही जीवनसत्त्वें सहसा घटतात. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सेल्विन बेकर आणि डॉ. मथन यांनीं दक्षिण भारतांतील या संग्रहणीचा दीर्घ अभ्यास केला. टेट्रासायक्लिन हें जंतुनाशक आणि फॉलिक आम्ल हा तिच्यावरील जुना उपाय. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. उदय घोषाल व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं असें दाखविलें कीं, अशा रोग्यांच्या लहान आतड्यांत जंतु वाढलेले असतात आणि अन्न पुढें सरकण्याची गति मंदावलेली असते. उपचारानंतर ती गति सुधारते. म्हणजे पुन्हां प्रवाहाचाच प्रश्न आला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. जंतु वाढले हें उत्तर नसून तो प्रश्न आहे. ओढा कोठें आणि कशामुळें तुंबला, हें शोधल्यावांचून उपचार पुरा होत नाहीं. माझ्या बाबतींत कारण होतें मधुमेह. अठरा वर्षांच्या मधुमेहानें आतड्यास चालना देणाऱ्या मज्जातंतूंस इजा झाली, आणि झाडलोटीची ती लाट दुबळी पडली. माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर वयानें माझ्या मुलाएवढे आहेत. ते मला पहिल्याच भेटींत म्हणाले, “गुरुजी, जंतु मी मारतो, पण साखर तुम्हीच सांभाळायची. दोघांपैकीं एकानें काम सोडलें, तर दुसऱ्याचें फुकट जाईल.” इतका नेमका धडा मीं जन्मभरांत कोणा विद्यार्थ्यास दिला असेन असें मला वाटत नाहीं.

इतरांच्या बाबतींत कारणें निराळीं असतात. थायरॉइड ग्रंथि मंद झाल्यानें आतडें आळसावतें. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडीं एकमेकांस चिकटतात, किंवा त्यांत एखादी आंधळी गल्ली राहते. स्वादुपिंडाचा जुनाट दाह असतो. वेदनाशामक अफूजन्य औषधांनीं आतडें सुस्तावतें. शिवाय आम्ल दाबणाऱ्या गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे, आज घरोघर सकाळच्या चहाआधीं घेतल्या जातात. त्या चांगल्या गोळ्या आहेत. व्रण असणारास आणि रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेणारास त्या आवश्यकहि असतात, म्हणून कोणीं आपल्या मनानें त्या बंद करूं नयेत. परंतु कोणींहि न सांगतां वर्षानुवर्षें चालू राहिलेली गोळी म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्यास दिलेली कायमची रजा. ती अजून हवी आहे काय, एवढा प्रश्न आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावा.

एका कारणाचा मात्र मी वेगळा उल्लेख करतों, कारण आपल्या देशांत तें विसरून चालणार नाहीं. तें म्हणजे आतड्यांचा क्षय. माझ्या ओळखीच्या एका बाई दोन वर्षें पोट फुगतें, मुरडा येतो म्हणून सांगत होत्या. “गॅस आहे” असें म्हणून त्यांस निरनिराळ्या गोळ्या मिळत गेल्या. संध्याकाळीं कणकण येई, वजन उतरत होतें. पण घरांत कोणीं काटा पाहिला नव्हता. अखेर मोठ्या शहरांत दुर्बिणीनें तपासणी झाली, तेव्हां दोन आतड्यांच्या सांध्याजवळ क्षयानें वाट अरुंद केल्याचें दिसलें. त्या अरुंद वाटेच्या मागें अन्न तुंबत होतें आणि तुंबलेल्या ठिकाणीं जंतु वाढत होते. क्षयाचे उपचार पुरे झाल्यावर त्या आज शेतावर जातात. क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, हेंहि या निमित्तानें सांगून ठेवतों.

म्हणून वजन घटणें, सायंकाळचा ताप, मलांतून रक्त, झोंपेतून उठवणारे जुलाब, पांडुरता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकीं एकहि लक्षण असल्यास ‘गॅस’ हा शब्द उच्चारूं नये, तपासणी करावी. औषधांच्या दुकानांतून मनानें जंतुनाशक गोळ्या तर मुळींच घेऊं नयेत. क्विनोलोन वर्गांतील कांहीं गोळ्या क्षयास अर्धवट दाबतात; त्यामुळें रोग जात नाहीं, फक्त त्याचें निदान लांबतें.

जंतुवृद्धि ओळखण्यासाठीं जी श्वासाची परीक्षा आहे, ती मला फार मौजेची वाटली. मनुष्याच्या पेशी हायड्रोजन वायु तयार करीत नाहींत. आतड्यांतील जंतु मात्र साखर आंबवून तो तयार करतात. तो रक्तांत उतरतो आणि फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो. म्हणून बारा तास उपाशी ठेवून रोग्यास ग्लुकोजचें पाणी पाजतात, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनीं त्यास नळींत फुंकर मारावयास लावतात. नव्वद मिनिटांच्या आंत हायड्रोजन मूळच्या मानानें दशलक्षांत वीस भागांनीं वाढला, तर परीक्षा होकारार्थी मानतात. आधींच्या चार आठवड्यांत जंतुनाशक औषध घेतलेलें नसावें. ग्लुकोजऐवजीं लॅक्ट्युलोज दिलें आणि रोग्याच्या आतड्यांतून तें झपाट्यानें मोठ्या आतड्यांत पोचलें, तर खोटा होकार येऊं शकतो. उलट ग्लुकोज वरच्यावर शोषलें जात असल्यामुळें खालच्या भागांतील जंतूंचा पत्ता त्यास लागत नाहीं. परीक्षा निर्दोष नाहीं; तिचा निकाल डॉक्टरांनीं रोग्याच्या एकंदर स्थितीशीं ताडून पाहावा लागतो. कित्येकांच्या श्वासांत मिथेन सांपडतो. तो तयार करणारे जीव निराळ्याच कुळांतले असून त्यांच्यामुळें जुलाबांऐवजीं मलावरोध होतो.

उपचारांत रिफॅक्सिमिन नांवाचें जंतुनाशक औषध आज पुष्कळ वापरलें जातें. तें आतड्यांतच राहतें, रक्तांत फारसें उतरत नाहीं. साधारणतः दोन आठवडे तें देतात. मिथेनचा प्रकार असल्यास निओमायसिनसारखें दुसरें औषध जोडतात. औषध स्वस्त नाहीं आणि प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावयाचें. ब-१२ ची उणीव सुयांनीं किंवा गोळ्यांनीं भरून काढतात. मला स्वतःला आठ-दहा दिवसांतच हलकें वाटूं लागलें. कित्येक महिन्यांनीं मी पोट हातानें न दाबतां झोंपलों.

परंतु येथें गोष्ट संपत नाहीं. इटलींतील वैद्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत, या औषधानें बरे झालेल्या ८० रोग्यांपैकीं शेंकडा सुमारे ४४ जणांस नऊ महिन्यांच्या आंत विकार पुन्हां झाला. उतार वय, पूर्वीं आंत्रपुच्छ काढलेलें असणें आणि आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालू असणें, या तीन गोष्टी परत येणाऱ्या विकाराशीं निगडित आढळल्या. मलाहि तो दोनदां परत आला. पहिल्यांदा मन खचलें. दुसऱ्यांदा मीं त्यास संधिवाताच्या किंवा दम्याच्या पंगतीस बसविलें: येणार, त्याचा समाचार घ्यावयाचा, आणि पुढील खेप लांबवावयाची. आमच्या साखरेचा हिशेब जसा नेटका झाला तशी ती खेप खरोखरच लांबली. गेल्या अडीच वर्षांत तें औषध मला घ्यावें लागलेलें नाहीं.

आतां आहाराविषयीं. या विकारांत मनुष्य सर्वांत जास्त फसतो तो येथें. आज कांदा सोसला नाहीं म्हणून कांदा सोडला. उद्यां डाळ सोडली, परवां दूध, तेरवां गहूं. वर्षभरांत ताटांत भात आणि मीठ उरतें, आणि रोगानें जेवढें झालें नसतें तेवढें नुकसान पथ्यानें होतें. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला एक आहार सिद्ध केला आहे. कांदा, लसूण, गहूं, बहुतेक कडधान्यें, दूध, सफरचंद हे त्यांत वर्ज्य; पण केवळ दोन ते सहा आठवडे. त्यानंतर एकेक पदार्थ परत घेऊन काय सोसतें तें पाहावयाचें असतें. हा दुसरा भाग लोक विसरतात. या आहारानें फुगारा कमी होतो. जंतु मात्र त्यानें मरत नाहींत.

आमच्या स्वयंपाकघरांत त्यांतून जें निघालें तें असें. गव्हाच्या पोळीऐवजीं ज्वारीची भाकर. तुरीच्या घट्ट वरणाऐवजीं मुगाची डाळ, भिजवून व तें पाणी टाकून, थोडकी. लसणाच्या पाकळ्या तेलांत तळून काढून टाकावयाच्या. कारण लसणांतील जो अंश आंबतो तो पाण्यांत विरघळतो, तेलांत विरघळत नाहीं. स्वाद राहतो, त्रास जातो. ही युक्ति सांपडली त्या दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं सुटकेचा निःश्वास सोडला. हरभऱ्याच्या झुणक्याशीं माझें अद्याप जुळत नाहीं. रोडग्यांचा मात्र सणावारीं एखादा तुकडा चालतो, आणि तो मी खातों.

दुसरी गोष्ट वेळेची. झाडलोटीची लाट रिकाम्या पोटींच येते हें मघां सांगितलें. म्हणून दोन खाण्यांत चार-पांच तास जावेत आणि रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत कांहीं खाऊं नये, असें पुष्कळ वैद्य सुचवितात. याचा कसून घेतलेला पुरावा अजून थोडा आहे, परंतु खर्च कांहींच नाहीं. मात्र मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणारांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपास लांबवूं नये. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण आमच्याकडे त्याच्या आड एक पेला उभा राहतो. खेड्यांत कोणाच्याहि ओसरीवर पाय ठेवला कीं दूध-साखरेचा चहा पुढें येतो, आणि दिवसांतून पांच घरीं गेलें तर पांच वेळां. “गुरुजी, आमच्या घरचा चहा चालत नाहीं काय?” या प्रश्नापुढें भलेभले वाकतात, कारण त्यांत माझ्या पोटापेक्षां विचारणाराच्या मानाचा प्रश्न मोठा असतो. मीं बरेच दिवस कांहीं तरी सबब सांगितली आणि त्यानें लोक दुखावलेच. मग एकदां एका जुन्या विद्यार्थ्यास सरळ सांगितलें, “बाबा रे, माझें आतडें मधुमेहानें मंद झालें आहे, दोन जेवणांच्या मध्यें मला कांहीं चालत नाहीं. गरम पाणी दे, तुझ्याबरोबर बसून पितों.” तो आंत गेला आणि पितळी फुलपात्रांतून वाफाळतें पाणी घेऊन आला. निघतांना मला बाहेर पोचवीत तो हळूच म्हणाला, “गुरुजी, मलाहि चार वर्षांपासून असाच त्रास आहे. कोणाला सांगूं, असं होत होतं.”

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी हें उघड बोलूं लागलों, आणि मला असें दिसून आलें कीं प्रत्येक आळींत असा एखादा तरी मनुष्य आहे. शहरांतहि तो असेल. कदाचित् आपल्याच घरांत जेवणानंतर मुकाट्यानें खोलीचें दार लावून बसत असेल. त्यास हसूं नका, आणि त्याच्या ताटांतले पदार्थ एकेक करून काढूनहि घेऊं नका. त्याचें वजन करा, रक्त तपासून घ्या, चांगल्या डॉक्टरांकडे न्या, आणि जंतु मारण्याचें औषध मिळालें तरी एक प्रश्न त्यांस विचारल्यावांचून उठूं नका: “डॉक्टरसाहेब, हे वाढले कां?” त्या प्रश्नाच्या उत्तरांतच पुढील उपचार असतो.